नियतत्ववाद

प्रत्येक घटना तिच्याआधीच्या परिस्थितीने आणि निसर्गनियमांनी पूर्णपणे ठरलेली असते, असे मानणारी तत्त्वज्ञानातील भूमिका. मराठीत 'नियतिवाद' हा शब्द अधिक रुळला आहे. परंतु नियती म्हटले की दैव आठवते, आणि दैववाद हे निराळे मत आहे. म्हणून येथे 'नियतत्ववाद' पत्करला आहे.

हा फरक नागपूर जिल्ह्यातील संत्राबागेत चांगला उमगतो. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर काटोल-नरखेडकडचा बागायतदार हिवाळ्यात पाणी तोडून बाग ताणावर, म्हणजे काही काळ कोरडी, सोडतो. पाने मलूल झाली की पुन्हा ओलीत सुरू करतो आणि नवतीबरोबर, म्हणजे नव्या पालवीबरोबर, फुले येतात. फळ नशिबात असेल तर ताण दिला काय अन् न दिला काय, ते येणारच, हा दैववाद. नियतत्ववाद्याच्या लेखी ताण हा कारणसाखळीतलाच दुवा. तो वगळला तर पुढचे सगळे बदलते. मात्र पाणी तोडण्याचा निर्णयही त्याच साखळीने ठरलेला, असे तो म्हणतो आणि मग माणूस स्वतंत्र कसा, हा खरा वाद तेथून सुरू होतो.

कल्पना जुनी असली तरी संज्ञा बरीच अलीकडची आहे. 'डिटर्मिनिझम' हा शब्द सीमा आखणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. तो अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन लेखनात रूढ झाला असावा. त्याचे श्रेय पुष्कळदा जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटच्या १७९३ च्या धर्मविषयक ग्रंथाला दिले जाते. ते पूर्णतः ग्राह्य दिसत नाही, कारण कांट तेथे प्रचलित शब्दाची चिकित्सा करतो. त्याच्या मते कृतीला पुरेसे आंतरिक कारण असणे स्वातंत्र्याच्या आड येत नाही. अडचण येते ती कृतीचे कारण हातातून निसटलेल्या भूतकाळात असते तेव्हा, आणि त्यासाठी तो 'पूर्वनियतत्व' असा वेगळा शब्द योजतो. इंग्रजीत संज्ञा आणली ती, सामान्यतः मानले जाते त्याप्रमाणे, स्कॉटिश तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टनने १८४६ च्या सुमारास. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ मध्ये या मताची सर्वांत प्रसिद्ध मांडणी केली (विश्वाची आजची सगळी स्थिती जाणणाऱ्या बुद्धीला भविष्यही दिसेल), पण तीत हे नाव नाही. 'कठोर' (स्वातंत्र्य नाकारणारा) आणि 'मृदू' (स्वातंत्र्याशी जुळवून घेणारा) हे भेद अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचे (१८८४). कणाचे स्थान आणि संवेग एकाच वेळी अचूक ठरवता येत नाहीत, या भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या १९२७ मधील अनिश्चिततेच्या तत्त्वानंतर भौतिकीतील आधार डळमळला.

भारतीय परंपरेत श्वेताश्वतर उपनिषद काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा यांचा जगाची संभाव्य कारणे म्हणून उल्लेख करते. आजीवक या प्राचीन श्रमण पंथाचा मक्खली गोसाल बुद्धाचा समकालीन. फेकलेली सुताची गुंडी सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही ठरलेले फेरे पुरे करूनच दुःखमुक्त होतात, असे मत बौद्ध सूत्रांत त्याच्या नावावर आहे. त्याचे मत आपल्यापर्यंत मुख्यतः बौद्ध व जैन प्रतिपक्षाच्या मुखातून आले आहे. काही अभ्यासक त्याला नियतत्ववादी म्हणतात. तथापि पुरुषप्रयत्नाला तेथे काहीच स्थान नसल्याने हे मत दैववादाच्या अधिक जवळचे वाटते.

बुद्धाने सर्व काही पूर्वकर्मानेच घडते हे मत नाकारले. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मविषयक ग्रंथात, हा मुद्दा सामाजिक अंगाने पुढे नेला: पूर्वजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते म्हटले, की गोरगरिबांच्या हलाखीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते. हा आक्षेप पूर्वकर्माच्या सिद्धांतावर आहे. कार्यकारणभाव त्यांनी सोडलेला नाही.