दहा बाय बाराच्या खोलीतही चालते फॅमिली थेरपी

“एका खोलीत सहा माणसं, तिथे कसल्या आल्यात बाउंड्रीज? ही थेरपी बंगलेवाल्यांची!” फॅमिली थेरपी, म्हणजे कुटुंबाला एकत्र बसवून केलेलं समुपदेशन, असं म्हटलं की लालबागपासून विक्रोळीपर्यंत हे ऐकू येतं. इतिहास नेमका उलटा आहे. या थेरपीची स्ट्रक्चरल (कुटुंबाच्या रचनेवर काम करणारी) पद्धत घडवणारे मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत काम करत होते. तिथली मुलं गरीब, दाटीच्या वस्त्यांतली. नुसत्या बोलण्याने भागेना, म्हणून त्यांनी कुटुंबाची रचनाच हलवायला घेतली.

इथे बाउंड्री म्हणजे सीमा, पण ती विटांची नसते. कोण कोणाच्या निर्णयात पडतं, याची असते. समजा, मुलगा शाळेला दांड्या मारतो. आई ओरडते, आजी पाठीशी घालते, वडील ओव्हरटाइमच्या नावाखाली उशिरा येतात. ते उशिरा येतात म्हणून आई चिडते, आई चिडते म्हणून ते आणखी उशीर करतात. सिस्टिमिक थेरपिस्ट, म्हणजे अख्ख्या कुटुंबाकडे एकमेकांत गुंतलेली व्यवस्था म्हणून पाहणारा, हे चक्र बघतो, त्यात गुन्हेगार शोधत बसत नाही. स्ट्रक्चरल थेरपिस्ट तिथल्या तिथे जागा बदलायला लावतो: आईवडील शेजारी बसून शाळेचं ठरवतील, तोवर आजींनी मध्ये बोलायचं नाही. (आजींना हे पटवणं हेच खरं कसब.) त्यांना घरातून वेगळं काढायचा प्रश्नच नाही.

मारहाण असेल तर मात्र चक्राची भाषा बंद. जबाबदारी मारणाऱ्याचीच, आणि आधी सुरक्षितता. त्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला.