‘एक पायरी खालचा’ लेखनिक: नियमामागची गोष्ट

परीक्षा जवळ आल्या की ‘रायटर पाहिजे, सकाळचा पेपर, मराठी लिहिता यायला हवं’ असे मेसेज फिरू लागतात. अंध किंवा हाताने लिहू न शकणारा विद्यार्थी सांगेल ते पेपरात उतरवून घेणारा माणूस, कॉलेजात रायटर, अर्जावर लेखनिक. तो मिळणं हा हक्क आहे, यावर आता कुणी भांडत नाही. भांडण आहे ते त्याने किती शिकलेलं असावं, यावर.

अंध आणि अंशतः अंध विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांनी लेखनिक द्यावा, हे अपंगांच्या हक्कांच्या १९९५च्या कायद्यातच होतं. कोण चालेल, कोण नाही, हे मात्र ज्याने त्याने आपापलं ठरवलं. २६ फेब्रुवारी २०१३ला केंद्राची मार्गदर्शक सूचना आली आणि पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या बाजूने विचार झाला. लेखनिकाचं शिक्षण, गुण, वय यांवर कसलीही अट घालू नका. कॉपीची भीती असेल तर पर्यवेक्षण कडक करा, असं त्यात स्पष्ट होतं. आपला लेखनिक आपण आणायची मुभा होती. ‘जादा वेळ’ हा शब्दही बदलायला सांगितला होता. तो ‘भरपाईचा वेळ’, तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मेहेरबानी म्हणून नव्हे, बोलून लिहून घेण्यात जातो तेवढा परत.

२९ ऑगस्ट २०१८ला सुधारित सूचना आली. स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर त्याची पात्रता उमेदवारापेक्षा ‘एक पायरी खाली’ हवी, अशी अट आली.

पायरी म्हणजे काय? टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला एस.वाय.चा, दुसऱ्या वर्षाचा लेखनिक चालेल, की बारावीचाच हवा? पायरी वर्षाची धरायची की पदवीची? लेखनिक दुसऱ्या शाखेचा असला तर पायरी कशी मोजणार? हा प्रश्न बहुतेक वेळा परीक्षेच्या तोंडावर निघतो, आणि ठरलेला लेखनिक बाद झाला की दुसरा शोधायला हातात एक संध्याकाळ उरते.

जास्त शिकलेला माणूस मनाने उत्तरं लिहील, ही भीती मला समजते. पण त्या टेबलावर काय चालतं ते जवळून पाहा. संख्याशास्त्राचा विद्यार्थी ‘सिग्मा एक्स आय’ म्हणतो आणि सिग्मा हे बेरजेचं चिन्ह कधी पाहिलंच नसलेला लेखनिक थांबतो. मग आकार तोंडी सांगायचा, चिन्ह वर की खाली ते सांगायचं, लिहिलेलं वाचून घ्यायचं. मराठीच्या पेपरात तर ‘दुसरी वेलांटी, पहिला उकार, त वर रफार’ असं अक्षर न् अक्षर सांगावं लागतं. शुद्धलेखनाच्या चुका लेखनिकाच्या, गुण विद्यार्थ्याचे जातात. २०१३च्या सूचनेने हे ओळखलं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

यानंतर वादाचा रोख ४० टक्के अपंगत्वाच्या अटीकडे वळला. १९९५च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, पण ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे किमान ४० टक्के, आणि २०१८च्या सवलती त्यांच्यापुरत्याच होत्या. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला या कारणाने लेखनिक नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ला सर्वांत वरच्या न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयात वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण निकाली निघालं. तिला भरपाईचा तास न देताच पेपर काढून घेतला होता. फेरपरीक्षा मिळाली नाही. तिचं नुकसान कसं भरून काढता येईल ते पाहा, असं परीक्षा घेणाऱ्यांना सांगण्यात आलं.

१० ऑगस्ट २०२२ला ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळी सूचना निघाली, लिहिण्यात अडचण असल्याच्या वैद्यकीय दाखल्याच्या अटीसह. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ फेब्रुवारी २०२५च्या निकालाने हा भेद काढायला सांगितलं: परीक्षेतल्या सोयी सगळ्याच दिव्यांग उमेदवारांना द्या, टक्केवारी आड आणू नका.