विमान गेलं, भोवरे मागे राहिले

विमान उतरणीला लागलंय. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाहीच. चाकं बाहेर आलेली, समोर धावपट्टी दिसतेय. तेवढ्यात कोणीतरी खाली ओढावा तसा डावा पंख झुकतो. वैमानिक लगेच विमान उलट बाजूला वळवून सावरतो आणि काही सेकंदांत सगळं पूर्ववत होतं. प्रवासी एकमेकांना सांगतात, ‘एअर पॉकेट होतं.’ हवेत असा खड्डाबिड्डा काही नसतो. विमान सापडलेलं असतं दोनएक मिनिटांपूर्वी त्याच वाटेनं गेलेल्या दुसऱ्या विमानाच्या भोवऱ्यात. याला वेक टर्ब्युलन्स म्हणतात.

हा इंजिनांचा झोत असावा असं वाटतं, पण तो लवकर विरून जातो. हे काम पंखांचं. पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी, म्हणून तर विमान उडतं. पण पंख टोकाला संपतो आणि तिथं खालची हवा वळसा घालून वर धावते. विमान पुढे सरकत असल्यामुळे या वळशाचा मागे लांबलचक पीळ तयार होतो, प्रत्येक पंखाचा एक. मागून पाहिलं तर डावीकडचा भोवरा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, उजवीकडचा उलटा. दोघं एकमेकांना खाली ढकलत मिनिटाला ३०० ते ५०० फूट उतरत जातात. विमान जितकं जड आणि जितकं संथ, तितके भोवरे जोरकस. उतरताना विमान संथच असतं.

एरवी मागच्या विमानाला फारसा त्रास होत नाही. तेही त्याच साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं आणि तोवर भोवरे त्या वाटेच्या खाली गेलेले असतात. गोची होते जमिनीजवळ. तिथं भोवऱ्यांना खाली जायला जागाच नसते, म्हणून ते एकमेकांपासून दूर, बाजूला सरकू लागतात. कधी उसळून थोडे वरही येतात. अशा वेळी हलका आडवा वारा असेल, तर ज्या बाजूनं तो येतो तिकडे सरकणारा भोवरा अडतो आणि थेट धावपट्टीवर ठाण मांडून बसतो. जोराचा वारा भोवरे मोडून टाकतो. शांत हवा त्यांना जपते. या विषयातली मला सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट हीच: प्रवाशाला जी हवा छान वाटते, तीच इथं वाईट.

भोवरे दिसत नाहीत म्हणून ते मामुली समजू नयेत. लंडनच्या हीथ्रोजवळच्या घरांची कौलं त्यांनी उचकटल्याचे प्रकार घडले आहेत. ३० मे १९७२ रोजी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थ इथं प्रशिक्षणासाठी उडणारं एक डीसी-९ जातीचं विमान हे मोठ्या डीसी-१० विमानाच्या मागोमाग उतरत होतं. जमिनीजवळ येताच ते कलंडलं, त्याचा पंख धावपट्टीवर आपटला आणि त्यातले चौघेही दगावले.

म्हणूनच हवाई वाहतूक नियंत्रक विमानांमध्ये वजनाप्रमाणे अंतर ठेवतात. १३६ टन आणि त्यावरची विमानं ‘हेवी’. त्यांच्या मागे मध्यम वजनाच्या विमानाला ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, आणि ७ टनांपर्यंतच्या हलक्याला ६. एअरबस ए-३८० या अवाढव्य प्रवासी विमानासाठी वेगळा वर्ग काढावा लागला. त्याच्या मागे हेच आकडे ७ आणि ८ होतात. पण नुसत्या वजनावर भागत नाही. बोइंग ७५७ ‘हेवी’च्या हद्दीबाहेर, तरी तिचे भोवरे दांडगे. अमेरिकेत १९९२ आणि १९९३ मध्ये तिच्या मागून उतरणारी दोन छोटी बिझनेस जेट कोसळली, तेव्हा तिच्यासाठी खास नियम आला.

अंतर वाढवलं की धावपट्टीवर तासाला कमी विमानं उतरतात. हीथ्रोनं २०१५ मध्ये यावर तोड काढली. समोरून जोराचा वारा असला की जमिनीच्या हिशेबानं विमानं हळू येतात, म्हणून तिथं मैलांऐवजी सेकंद मोजायला सुरुवात झाली. विमानं थोडी जवळ आली तरी चालतं, कारण भोवरे मोडायचं काम तोच वारा करत असतो.

पण वारा पडलेला असेल तर? जर्मन एरोस्पेस सेंटरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये व्हिएन्ना विमानतळावर एक अगदी साधा उपाय तपासला. धावपट्टीच्या अलीकडे, विमानं जिथून खाली येतात तिथं, जमिनीवर उभ्या फळ्यांच्या ओळी लावल्या. भोवरा फळ्यांना घासला की त्यात खळबळ उठते, ती पिळाच्या लांबीभर पसरत जाते आणि भोवरा लवकर विरतो. त्याला ना वीज लागते, ना कोणी चालवायला.