खाणीच्या पाण्यावर फिरलेला लेथ: एर्ट्झगेबिर्गच्या खेळण्यांची आणि लेसची पार्श्वभूमी

जर्मनीचा सॅक्सनी प्रांत आणि चेकिया यांच्या सीमेवर एर्ट्झगेबिर्ग ही डोंगररांग आहे. अक्रोड फोडणारे लाकडी शिपाई, मेणबत्तीच्या उबेने फिरणारे मनोरे, खिडकीत ठेवायच्या दिव्यांच्या कमानी या नाताळच्या वस्तूंमुळे ती आज जगाला माहीत आहे. बर्फाळ हिवाळ्यातली हौस म्हणून या वस्तूंकडे पाहिले जाते, ते अन्यायाचे आहे. यातले बरेच काम खाणीने पोट भरेना म्हणून सुरू झाले आणि त्यासाठी लागणारी ताकदही खाणीनेच उभी करून ठेवली होती.

११६८ मध्ये आजच्या फ्रायबर्गजवळ चांदी सापडली. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी लाट आली आणि श्नेबर्ग, अॅनाबर्ग (१४९६), योआखिमस्थाल (१५१६), मारिएनबर्ग (१५२१) ही गावे वसली. योआखिमस्थालला काही वर्षे वैद्य असलेल्या गेओर्गिउस अॅग्रिकोला यांनी खाणकामावर लिहिलेला मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १५५६ मध्ये छापला गेला. खाणीचे साधारणपणे १२८ भाग पाडून विकत. नफा झाला तर वाटणी मिळे, तोटा झाला तर भागधारकाने पदरचे पैसे घालायचे. खाण खोल जाई तसे पाणी उपसण्याचा खर्च वाढे. खडकातले धातूचे प्रमाण घटले की भागधारक पैसे द्यायचे थांबत आणि पंप बंद पडले की खाण बुडे. खाणकामगाराच्या घराला दुसरा धंदा लागे, तो यामुळे.

अॅनाबर्गमध्ये तो दुसरा धंदा लेसचा होता. बार्बरा उटमान (मृत्यू १५७५) यांनी ही कला इथे आणली अशी आख्यायिका आहे. त्यांचे खरे काम व्यापाराचे होते: बायकांना घरी सूत पुरवायचे आणि तयार पट्ट्या विकत घ्यायच्या. लोळासारख्या गोल उशीवर नक्षीचा जाड कागद टाचून त्यावर टाचण्यांच्या आधाराने हे काम चालते. सूत लाकडी बॉबिनवर, म्हणजे छोट्या दांड्यांवर, गुंडाळतात. इथल्या बॉबिनवर लाकडी टोपण असते, त्यामुळे सूत मळत नाही. एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार बॉबिन हातात येतात आणि हालचाली दोनच: ओलांडणे आणि पीळ देणे. सगळी नक्षी या दोन हालचालींच्या क्रमातून उभी राहते. एक पीळ चुकला तर तिथपर्यंत मागे उलगडत जावे लागते.

लाकूडकामाचे मुख्य गाव झायफन. इथे चांदीपेक्षा कथील महत्त्वाचे. खडक कुटण्यासाठी आणि कथील धुण्यासाठी ओढ्यांवर पाणचक्क्या होत्या, चर खोदून पाणी वळवलेले होते. कथिलाचे उत्पन्न घटले तसे त्याच पाण्यावर लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायची यंत्रे, फिरू लागले. आधी ताटल्या, चात्या, बटणे झाली आणि अठराव्या शतकात खेळणी आली. न्यूरेनबर्गच्या व्यापाऱ्यांमार्फत ती दूरवर जात. १८४९ मध्ये झायफनचे कथिलकाम थांबले, तेव्हा गाव खेळण्यांवर जगत होते.

याच गावात, १८०० च्या सुमारास, कडी कातण्याची, म्हणजे लाकडाचे गोल कडे कातून ते फोडून खेळण्यातले प्राणी काढण्याची, पद्धत रुजली. तिच्यासाठी स्प्रूस या सूचीपर्णी झाडाचे नुकते तोडलेले, सरळ वाढलेले, बिनगाठीचे जाड खोड लागते. ते आडवे कापून जाड चकत्या करतात आणि ओल्याच लेथवर चढवतात. वाळलेल्या चकतीत तंतू स्वच्छ कापले न जाता उचकटतात. गाठ असली तर हत्यार अडकते आणि तेवढ्या भागातले प्राणी वाया जातात. कातारी आधी एका बाजूने प्राण्याचे पोट आणि पाय कोरतो, मग चकती उलटून पाठ कोरतो. डोके आणि शेपूट कड्याच्या आतल्या-बाहेरच्या कडांना येतात. चकती फिरत असताना समोर नुसत्या गोल खाचा दिसतात, प्राणी दिसत नाही. पाय जाड झाले की मान बारीक, हे कडे फोडल्यावरच कळते. त्यामुळे आकार कातारी हाताने आणि सवयीने जाणतो.

तयार कडे सुरीने कलिंगडाच्या फोडींसारखे फोडतात आणि प्रत्येक फोडीतून घोडा किंवा गाय बाहेर येते. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या कड्याचा बाहेरचा परीघ सव्वा मीटर भरतो, म्हणजे दोन सेंटिमीटर जाडीचे साठेक प्राणी. खोड आडवे कापलेले असल्याने तंतू पाठीकडून पायांकडे उभे जातात. म्हणून कडे सहज फुटते आणि बारीक पायही मोडत नाहीत. फोड एका टोकाला निमुळती असते. ती चाकूने गोलावायची, कान-शिंगे-शेपूट चिकटवायची, रंग द्यायचा. हे काम घरातल्या बायका आणि मुले करत, आणि मोबदला फार तुटपुंजा होता. स्वस्त खेळण्यामागचे हे बालश्रम विसरता कामा नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जकात वजनावर बसू लागली, तेव्हा काडेपेटीत मावणारी चिमुकली गावे आणि शेते बनू लागली.

अक्रोडफोड्याचा आजचा परिचित चेहरा झायफनच्या विल्हेल्म फ्युख्टनर यांनी १८७० च्या सुमारास घडवला. राजा, पोलीस, वनरक्षक अशा हुकूम चालवणाऱ्यांना अक्रोड फोडायला लावलेले आहे. जबड्याची दांडी लाकडाच्या तंतूंच्या दिशेनेच कापावी लागते, आडवी कापली तर ती पहिल्याच कठीण अक्रोडाला मोडते. फिरत्या मनोऱ्यात उभ्या दांड्याचे पोलादी टोक काचेच्या वाटीत टेकलेले असते. पाती एकसारखी तिरपी नसली, वाटीत धूळ बसली किंवा तळ समतल नसला तर तो अडखळतो.

या डोंगररांगेच्या जर्मन बाजूला चालणारे युरेनियमचे उत्खनन १९९० मध्ये आणि आल्टेनबर्गचे कथील १९९१ मध्ये थांबले. २०१९ मध्ये दोन्ही देशांतील मिळून २२ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. कडी कातणारे मात्र आता मोजकेच उरले आहेत. त्यात २०१८ नंतरच्या दुष्काळाने आणि साल पोखरणाऱ्या किड्याने सॅक्सनीतली स्प्रूसची पुष्कळ झाडे मेली. उभ्या जागी वाळलेले खोड या लेथवर चालत नाही.