एएमएच आणि आईचं वय : दोन वेगळ्या गोष्टींचा इतिहास

एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) हे एक संप्रेरक; बीजांडकोशात किती बीजं उरली आहेत याचा अंदाज त्यावरून घेतात. त्या बीजांतली गुणसूत्रं कशी असतील, हे मात्र मुख्यतः वयावर ठरतं. आधी वयाची गोष्ट. आईच्या वयाचा मुलाच्या गुणसूत्रांशी असलेला संबंध पहिल्यांदा नीट मोजला गेला, तेव्हा त्यामागे गुणसूत्रं आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. इंग्लंडमधले डॉक्टर लायोनेल पेनरोज यांनी १९३३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. आई आणि वडील यांची वयं बरोबरीनेच वाढतात, म्हणून परिणाम नेमका कोणाच्या वयाचा हे ठरवणं अवघड होतं. पेनरोज यांनी आकडेमोड करून दाखवलं, की तो आईच्या वयाचा आहे. कारण कळलं १९५९ मध्ये, पॅरिसला : या मुलांच्या पेशींत २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणाऱ्या मार्थ गोतिए यांना श्रेय मिळायला मात्र कित्येक दशकं लागली, आणि ही गोष्ट मला आजही लागते.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या स्त्रीबीजांचं विभाजन सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबतं. ते पुढे सरकतं थेट बीज सुटण्याच्या वेळी, कधी पंधरा वर्षांनी, कधी चाळीस. तोवर गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं झिजत जातात आणि वाटणी चुकते. वय वाढलं की गर्भपात वाढतात, त्याचं मोठं कारण हेच. १९९० च्या सुमाराला चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तरुण दात्यांच्या बीजांनी चांगली गर्भधारणा होऊ लागली, तेव्हा प्रश्न मुख्यतः गर्भाशयाचा नसून बीजाचा आहे हेही स्पष्ट झालं.

एएमएच या संप्रेरकाची कहाणी निराळीच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांना १९४७ च्या सुमारास सशांच्या गर्भांवर काम करताना एएमएचचा माग लागला, तोही नर गर्भात. बीजांडकोशातले छोटे फॉलिकलही (ज्यांत बीजं वाढतात त्या पिशव्या) ते बनवतात हे पुढे कळलं, आणि २००० नंतर उरलेल्या बीजांचा अंदाज घेण्यासाठी ही तपासणी रुळली. म्हणजे हा आकडा संख्येचा आहे. अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीचं एएमएच कमी आलं तर बीजं कमी मिळतील, पण त्यांची गुणसूत्रं साधारण तिच्या वयाला साजेशीच असतात. बेचाळिशीत एएमएच भरपूर असलं, तरी बहुतेक भ्रूणांत गुणसूत्रांचा दोष सापडतो. रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या तरुण मुलींना हा फरक आधीच कोणीतरी सांगायला हवा होता.

भ्रूणतपासणी, म्हणजे शरीराबाहेर (आयव्हीएफने) तयार केलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी तपासणं, आली १९९० मध्ये, लंडनमध्ये अ‍ॅलन हँडिसाइड यांच्या चमूकडून, ती आनुवंशिक आजार टाळण्यासाठी. लवकरच तिचा वापर वयाच्या प्रश्नासाठी, म्हणजे गुणसूत्रांचा दोष असलेले भ्रूण वगळण्यासाठी, होऊ लागला. तिसऱ्या दिवशी एक पेशी काढून मोजकी गुणसूत्रं पाहायची, अशी ती पद्धत होती. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रियांमध्ये तपासणी केलेल्या गटातच गर्भधारणा कमी झाल्या : २५ टक्के, तर तपासणी न केलेल्या गटात ३७. मग पाचव्या दिवसाच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून पेशी घेऊन सगळी गुणसूत्रं तपासणं सुरू झालं. २०१९ च्या ६६१ स्त्रियांच्या चाचणीत त्यानेही गर्भधारणांत एकंदर फरक पडला नाही. तपासणी असलेल्या भ्रूणांतून निवड करते, भ्रूण सुधारत नाही.