पार्श्वभूमी : खुरपणीतून ताटात आलेली भाजी

‘तण खाई धन’ म्हणत शेतकरी तणाच्या नावाने बोटं मोडतो आणि त्याच शेतात खुरपायला बसलेली बाई त्यातलं निवडक तण लुगड्याच्या ओच्यात टाकत जाते. तांदुळजा, घोळ, चिवळ, कुंजर, पाथरी, केना, कुर्डू. यातलं काहीच कुणी पेरलेलं नसतं. हल्ली या सगळ्यांना सरसकट ‘रानभाज्या’ म्हणतात आणि शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल उभं राहतं. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याचशा बांधावरच्या, उकिरड्याजवळच्या, वाटेकडेच्या. माणसाने जमीन उकरली की त्याच्या मागोमाग येणाऱ्या.

पहिला धागा वैद्यकाचा. त्यांचा लेखी माग तिथे फार मागे जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २७व्या अध्यायात शाकवर्ग आहे. त्यात वास्तुक म्हणजे आपला चाकवत भेटतो, काकमाची म्हणजे कामोणी, चांगेरी म्हणजे आंबुशी, तण्डुलीय म्हणजे तांदुळजा. त्याच्या जरा आधी, २५व्या अध्यायात, प्रत्येक प्रकारात उत्तम काय आणि निकृष्ट काय याची यादी आहे. भाज्यांत उत्तम जीवंती, म्हणजे डोडी. आणि निकृष्ट मोहरीचा पाला. (हे पंजाबात बोलू नये.)

मात्र चरक पालेभाज्यांवर लट्टू नव्हता. बहुतेक भाज्या पचायला जड, रुक्ष आणि पोटात वारा धरणाऱ्या, असं त्याचं मत. म्हणून त्याने करायची रीतही सांगून ठेवली : भाजी शिजवावी, रस पिळून टाकावा आणि भरपूर स्नेह, म्हणजे तेल-तूप, घालून खावी. कोकणात भारंगीची भाजी करणारीने हा श्लोक ऐकलेला नसतो, पण ती अगदी हेच करते. पाला उकडते, कडू पाणी घट्ट पिळून काढते, मग सढळ तेलात लसूण-कांदा परतून त्यात भिजवलेले वाल किंवा मूगडाळ घालते. ग्रंथातून स्वयंपाकघरात गेलं की स्वयंपाकघरातून ग्रंथात? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

टाकळ्यात औषध आणि अन्न यांची वाटणी फार स्पष्ट दिसते. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, आणि दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा, असंही. गजकर्णावर त्याचं बी वाटून लावायची पद्धत जुनी. ताटात मात्र पाला, आणि तोही पहिल्या पावसानंतरचा कोवळाच. कोकणात फणसाच्या आठळ्या घालून, गोव्यात तायकिळो म्हणून ओलं खोबरं घालून, विदर्भात तरोटा म्हणून. पावसाळा सरत आला की पान जून होतं, उग्र वास सुटतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पुढे शेंगा वाळल्या की बी गोळा करून व्यापाऱ्याला विकतात. त्यातून निघणारा डिंक कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात दाटपणासाठी वापरतात.

दुसरा धागा व्रताचा. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा दंडक. आघाड्याच्या काडीने दात घासायचे आणि नांगराविना आलेल्या भाज्या एकत्र शिजवायच्या. नांगरटीपूर्वीच्या काळाची ही आठवण असावी, असा तर्क केला जातो आणि तो पटण्याजोगा आहे. आज त्या भाजीत परसातला अळू, माठ, सुरण, मका पडतो आणि बाजारातून आणलेल्या वाट्यात रानातलं फारसं काही नसतं.

तिसरा धागा भुकेचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जाड. १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने दख्खन होरपळलं. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचा, २५वा खंड १८८६मध्ये निघाला, तो वनस्पतींचा. त्यातला मोठा भाग मूळचे गोव्याचे डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ यांचा, आणि त्यात दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या वनस्पतींची यादी आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ गेले आणि १९०२मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जी. ए. गॅमी यांनी याच विषयावर इलाख्यापुरती वेगळी टिपणी छापली. चुलीपुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली माहिती सरकारदरबारी कागदावर आली ती अशी, माणसं उपाशी मरायला लागल्यावर. १९७२च्या दुष्काळात लोकांनी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि मदत म्हणून वाटलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं मिश्रण, खाल्ली, तसा पालाही खाल्ला. त्या पिढीतली काही माणसं आज रानभाजीचं कौतुक ऐकून तोंड फिरवतात ती उगाच नाही.

पण सगळीच रानभाजी गरिबाची नाही. शेवळं ही ठाणे-रायगडकडची मिजासखोर भाजी. जूनच्या सुरुवातीला, पानं फुटायच्या आधी, जमिनीतून तपकिरी-जांभळे कोंब वर येतात. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) आणि पाठारे प्रभू घरांत ती सोडे (सुकवलेली कोलंबी), ओली कोलंबी किंवा खिम्यात करतात. बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं आणि काकडं वाटून त्यांचा आंबट रस घालून शिजवायचं. काकडं म्हणजे खीरा नव्हे, हिरवी, आवळ्याहून लहान, आंबट रानफळं. यात हयगय झाली की घसा खाजलाच समजा. कोंबात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून बाजारात शेवळाच्या जुडीसोबत काकडं मिळतात.

१९५०च्या दशकात पुण्यात गाजर गवत दिसलं आणि बघता बघता पडीक जागा त्याने बळकावल्या. ते ना माणूस खाऊ शकत, ना गुरं. मागून तणनाशकं आली, खुरपणीची मजुरी परवडेना, आणि खुरप्यासोबत निवडणारा हातही शेतातून कमी झाला. नेमकं याच काळात प्रयोगशाळांना घोळ सापडली. तिच्या पानांत ओमेगा-३ मेदाम्ल असल्याची नोंद १९८६मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली आणि तण एकदम ‘सुपरफूड’ झालं. आता ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथल्या पाट्यांवर जवळपास प्रत्येक भाजी मधुमेह, मूळव्याध आणि संधिवातावर गुणकारी असते. घोळीतही ऑक्झलेट भरपूर असतं आणि मुतखड्याच्या माणसाने ती बेतानेच खावी, हे मात्र पाटीवर क्वचितच असतं. फवारलेल्या बांधावरचा पाला खुडू नये, हेही.