ड्रायव्हर काढला की कर्नल पूर्ववत होतो?

‘ड्रायव्हरमुळे लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ऊप्स, म्हणजे गंभीर चूक, आला, तर तो ड्रायव्हर जबरदस्तीने अनलोड करा, रीबूटची गरज नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. वरवर पटतो, कारण ऊप्सनंतर मशीन बहुधा चालूच राहतं.

पण ऊप्समध्ये कर्नल फक्त त्या क्षणी चालू असलेली प्रोसेस मारतो. तिने धरलेलं लॉक (एखादी गोष्ट एका वेळी एकानेच वापरावी म्हणून लावलेलं कुलूप) सोडायला मग कोणी उरत नाही. मोड्यूलचा, म्हणजे कर्नलला जोडलेल्या त्या ड्रायव्हरचा, वापर-आकडाही (तो किती जण वापरतायत ते) वाढलेलाच राहू शकतो, म्हणून तर मोड्यूल काढणारी आरएममॉड (rmmod) कमांड ‘वापरात आहे’ म्हणून नकार देते. तो नकार उगाच नसतो. जबरदस्ती केली, तर ड्रायव्हरचा कोड मेमरीतून जातो, पण त्याच्याकडे बोट दाखवणारा एखादा टायमर मागे राहू शकतो. तो वाजला की दुसरा क्रॅश, तोही भलत्याच जागी!

पडताळायचंय? मोड्यूलांची यादी देणाऱ्या एलएसमॉड (lsmod) कमांडचा तिसरा स्तंभ बघा, तोच वापर-आकडा. मग ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’ (/proc/sys/kernel/tainted) ही फाइल वाचा. कर्नलला लागलेल्या प्रत्येक डागाचा ठरलेला आकडा असतो, तिथे त्यांची बेरीज दिसते. त्या बेरजेत ऊप्सचे १२८, जबरदस्तीच्या अनलोडचे ८. ड्रायव्हर काढूनही हे १२८ जात नाहीत, रीबूटनेच जातात. त्याआधी डीमेसेजचा (dmesg) लॉग, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, तेवढा जपून ठेवा.